खान्देशात पर्यावरण शिक्षकांचं स्थानिक जाळं कसं उभारायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून शिक्षक, पक्षिनिरीक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि कार्यकर्ते जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसरीकडे सविस्तर आलेलं असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाळं म्हणजे नेमकं काय? आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आधीच आहे की.

ग्रुप निरोप पोचवतो, तेवढंच त्याचं काम. जाळं आहे असं म्हणायचं तर तीन गोष्टी घडायला हव्यात. सभासद एकमेकांच्या शाळेत किंवा गावात जाऊन तास घेतात, साहित्याची एक पेटी सगळ्यांमध्ये फिरते आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सगळे समोरासमोर बसतात. शिरपूरच्या एखाद्या शिक्षिकेला पक्षी चांगले येतात, पण पाणी तपासणी येत नाही. बुधवारच्या तासासाठी तिला सोमवारी फोन करून कोणाला बोलावता येत असेल तर जाळं आहे. ग्रुपवर दोनशे जण असूनही तो फोन कोणाला करायचा हे ठाऊक नसेल, तर नाही.

२. यात फक्त शाळेतल्या शिक्षकांनाच घ्यायचं का?

नाही. शिक्षकांशिवाय गट टिकत नाही हे खरं, कारण मुलं त्यांच्याकडेच असतात. पण नुसत्या शिक्षकांचा गट वर्षभरात पुस्तकी होतो. दहा जणांत पाच-सहा शिक्षक आणि बाकीचे बाहेरचे, हे प्रमाण बरं. पांझराकाठच्या गावांत फड पद्धतीचं पाणीवाटप (प्रश्न १२) जवळून पाहिलेले पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, वनरक्षक, कृषी सहायक, अभ्यासू सर्पमित्र, रानभाज्या ओळखणाऱ्या आजीबाई, महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, असे लोक शोधा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने राखलेल्या जंगलाबद्दल आणि तिथल्या वनभाजी स्पर्धेबद्दल अनेकांनी ऐकलेलं असतं. हे काम उभं करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर तर सगळ्यांनीच ऐकलं. असं जाणतं माणूस आपल्या तालुक्यातही असतं, फक्त त्याला ‘शिक्षक’ म्हणून कोणी बोलावलेलं नसतं.

बाहेरच्या माणसाला पहिल्याच दिवशी वर्गासमोर एकटं उभं करू नका. शिक्षकाने वर्ग सांभाळायचा आणि पाहुण्याने विषय, अशी जोडी लावा.

३. सुरुवात किती जणांनी करावी? थेट तिन्ही जिल्ह्यांचा गट काढला तर?

एक तालुका, आठ ते बारा माणसं. सहाच्या खाली दोघं आली नाहीत की बैठक पडते. पंधराच्या वर गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी करेल. खान्देशव्यापी गट कागदावर भारदस्त दिसतो. पण नवापूरच्या माणसाने दर महिन्याला रावेरला यावं ही अपेक्षाच चूक आहे. तालुक्यातालुक्यात छोटे गट असू द्यावेत आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटावं. त्या भेटीची जागा प्रश्न ५ मध्ये आहे.

४. पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करायचं?

पहिल्या बैठकीत तालुक्याचा मोठा नकाशा पसरा. त्यावर सभासदांच्या शाळा, नदी-नाले, बंधारे, पाझर तलाव, रोपवाटिका, कचरा डेपो आणि चालत जाता येईल असं जवळचं जंगल किंवा माळ, एवढं खुणेने दाखवा. मग प्रत्येकाने एका कागदावर दोनच ओळी लिहायच्या: ‘चाळीस मिनिटांचा कोणता तास मी तयारीशिवाय घेऊ शकतो’ आणि ‘कोणत्या तासासाठी मला दुसरं माणूस लागेल’. हे कागद जपून ठेवा. गटाची खरी यादी तीच.

दुसऱ्या महिन्यात प्रत्येकाने आपला एक उपक्रम मुलांवर नाही, तर सभासदांवर करून दाखवायचा. तो सांगायचा नाही, करायचा. पंचवीस मिनिटांत न संपणारा उपक्रम चाळीस मुलांसोबत तासाभरातही संपत नाही, हे इथेच कळतं.

तिसऱ्या महिन्यात जोड्यांनी एकमेकांच्या शाळेत जायचं. पाहणाऱ्याने तीनच नोंदी करायच्या: मुलांचे हात किती वेळ कामात होते, बोलणं कोणाचं जास्त झालं, आणि तास वर्गाबाहेर किती वेळ होता. शेरे आणि गुण नकोत. पहिल्या वर्षी एकमेकांना गुण द्यायला लागलेले गट लवकर मोडतात.

या तीन महिन्यांत उद्घाटन, बॅनर आणि बोधचिन्ह यांवर एक रुपयाही घालू नका.

५. बैठक कधी आणि कुठे ठेवावी? कोणत्याही तारखेला निम्मे लोक येतच नाहीत.

तारीख दर वेळी नव्याने ठरवली की हेच होतं. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी दोन’ असा कायमचा दिवस लावा. शनिवारी बहुतेक शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. त्या गावचा आठवडे बाजार शनिवारीच भरत असेल तर शुक्रवार घ्या, कारण बाजाराच्या दिवशी रिक्षाही मिळत नाही आणि माणूसही.

खान्देशचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी घरी येतात, श्रावणात कानबाई बसते, होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते. हे दिवस बैठकीसाठी बाद. कापूस वेचणीच्या ऐन भरात शेतकरी सभासद येणार नाहीत, हेही गृहीत धरा. एप्रिल-मे महिन्यांत बैठक सकाळी सात ते नऊ अशी ठेवा.

तिन्ही जिल्ह्यांच्या वार्षिक भेटीसाठी सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव निवडा. अमळनेर किंवा दोंडाईचा सोयीचं पडतं, कारण नवापूर, नंदुरबार, धरणगाव आणि जळगाव याच मार्गावर आहेत. धुळे आणि शिरपूरहून एसटी मिळते. धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांना घाट उतरून यायचं असतं, म्हणून कार्यक्रम अकराच्या आधी सुरू करू नका आणि चारच्या आत संपवा.

६. शाळेत तास घ्यायला परवानगी कोणाकडून घ्यायची?

शाळेच्या आवारातल्या तासाला मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या आणि तिची प्रत केंद्रप्रमुखांना द्या. पत्रात तारीख, वेळ, इयत्ता, विषय, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ‘कोणतंही शुल्क घेतलं जाणार नाही’ हे वाक्य असू द्या. शेवटचं वाक्य नसलं की फाईल अडते.

अनेक शाळांत जायचं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून तालुक्यासाठी एकच पत्र मिळतं का पाहा. त्याहून सोपा रस्ता म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. तिथे चाळीस मिनिटं मागून घेतली की केंद्रातले सगळे शिक्षक एका जागी भेटतात आणि पुढची आमंत्रणं त्यांच्याकडूनच येतात.

शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात. तिथे पत्र एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्यावं लागतं. खान्देशात ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. अनुदानित आश्रमशाळेत आधी संस्थेशी बोला. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात गावकऱ्यांचं वनस्पतिज्ञान किंवा जंगलाची माहिती नोंदवायची असेल तर ग्रामसभेत विषय मांडल्याशिवाय सुरुवात करू नका. जैवविविधता कायदा २००२ खाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवही तिच्या ताब्यात असते, तुमच्या नाही.

शाळेबाहेर जायचं असल्यास प्रश्न १४ पाहा.

७. शाळेत हरित सेना आहे, परिसर अभ्यास आहे. मग वेगळ्या गटाची गरज काय?

वेगळं काही चालवायचं नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यामुळे विषय अभ्यासक्रमात आहे. शाळांत पर्यावरण मंडळं चालवणारी राष्ट्रीय हरित सेनेची योजना २००१-०२ मध्ये सुरू झाली. उणीव आहे ती सोबतीची. हरित सेनेची जबाबदारी असलेला शिक्षक शाळेत बहुधा एकटाच असतो आणि त्याच्याकडे गणित-विज्ञानही असतं. गटाने त्याला तयार तास, साहित्य आणि एक जोडीदार द्यावा. तुमचा प्रत्येक उपक्रम पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या घटकाला जोडतो, ते टाचणात लिहिता येईल अशा एका ओळीत शिक्षकाला द्या. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे, तिथेही हे बसतं.

८. सामाईक पेटीत काय असावं आणि किती?

चाळीस मुलांचा वर्ग, पाच-पाचचे आठ गट, असा हिशोब धरा. पत्र्याच्या पेटीत हे ठेवा: भिंगं ८, उथळ पांढरे ट्रे ८, दहा मीटरची टेप २, दर मीटरला गाठ मारलेली वीस मीटर सुतळी ४, पारा नसलेले तापमापक ४, टीडीएस मीटर १ (प्रश्न ९), पीएच पट्ट्यांचं पाकीट १, कचरा तोलायला स्प्रिंग काटा १, दुर्बीण (८×४२) २, प्रथमोपचार पेटी, ओआरएसची १० पाकिटं आणि एक जाड नोंदवही. दुर्बीण महाग पडते, ती दुसऱ्या वर्षी घेतली तरी चालेल. बाकीचं दहा जणांच्या वर्गणीत बसतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. पेटी घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने तिच्यावर एकत्र खूण करायची. हरवतात ती भिंगं. बिघडतो तो टीडीएस मीटर, कारण वापरल्यावर तो धुऊन पुसला जात नाही आणि सेल आतच राहून गळतात. पीएच पट्ट्या पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून त्या झाकणबंद डबीत ठेवा.

९. टीडीएस मीटरने गावाचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते सांगता येईल का?

नाही, आणि हा गैरसमज गटातल्या लोकांमध्येच सगळ्यात जास्त असतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. पण २०० टीडीएसच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात जंतू असू शकतात. नायट्रेट (मर्यादा ४५), फ्लोराइड (१, जास्तीत जास्त १.५) किंवा कीटकनाशकाचा अंश या मीटरवर वेगळा दिसत नाही. मुलांनी ‘आमचं पाणी शुद्ध’ असा फलक लावला आणि पुढच्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ आली, तर गटावरचा विश्वास कायमचा जातो.

मीटर वापरायचा तो तुलनेसाठी. एकाच विहिरीचं ऑक्टोबरमधलं आणि मे महिन्यातलं पाणी, नदीकाठची विहीर आणि टेकडीवरची, किंवा गावाच्या वरचा आणि खालचा नाला अशा जोड्या घ्या. वापरण्याआधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून आकडा शून्याच्या जवळ येतो का पाहा. बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं तेच चालतं. जंतूंची शंका असेल तर एच-टू-एस बाटली वापरता येते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर संशयास्पद. ही बाटली मोठ्यांनीच हाताळायची आणि नंतर ब्लीचिंग पावडर टाकून ओतायची. निकाल आला की तो मुलांकरवी जाहीर न करता ग्रामपंचायतीला कळवा आणि नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

१०. सुरुवातीला सगळ्या शाळांत एकच उपक्रम करायचा असेल तर कोणता?

पाऊस मोजणं. खर्च जवळजवळ शून्य, पावसाची उत्सुकता प्रत्येक घरात, आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते तेव्हाच हंगाम सुरू होतो.

सरळ भिंतीची दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या. मध्ये कंबर असलेली थंड पेयाची बाटली चालत नाही. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. त्याने बाष्पीभवन कमी होतं. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतात. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून खडे आणि थोडं सिमेंट घालून तो सपाट करा. त्याच्या वरच्या पातळीला शून्य धरून बाहेर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर पारदर्शक टेप मारा. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं असल्याने आतली उंची म्हणजेच थेट मिलिमीटर पाऊस.

बाटली विटांच्या चौकटीत घट्ट बसवा, तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच ठेवा. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जितकी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ती असावी. बहुतेक शाळा इथेच चुकतात. चोरीला जाईल म्हणून बाटली भिंतीलगत ठेवतात आणि पाऊस निम्माच भरतो किंवा पत्र्याची पागोळी आत पडते.

वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठला संपतो. शाळा उशिरा भरत असेल तर जवळ राहणारी दोन मुलं नेमा. रविवारी आणि सुट्टीतही नोंद हवी. पाऊस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा रकाना म्हणजे पाहिलं नाही आणि शून्य म्हणजे पडला नाही. हा भेद सहावीच्या मुलांना एकदा कळला की पुढची सगळी आकडेमोड सोपी होते.

आता गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छत १०० चौरस मीटर असेल आणि एका रात्रीत ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावर ४,००० लिटर पडलं. शाळेची टाकी किती लिटरची, रोज किती लागतं, ते पाणी गेलं कुठे, हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

११. आमच्या शाळेचा पाऊस आणि सरकारी आकडा जुळत नाही. कोणाचं चुकतं?

कदाचित कोणाचंच नाही. महावेध या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत आणि एका मंडळात बरीच गावं येतात. वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात नाही. मात्र तुमचा आकडा सलग महिनाभर सगळ्या शेजारी शाळांपेक्षा कमी येत असेल तर बाटलीची जागा तपासा (प्रश्न १०).

एक सावधगिरी. पीक विम्यासाठी शेतकरी शाळेच्या नोंदी मागायला येतात. त्यांना नोंदी दाखवायला हरकत नाही, पण बाटलीचा आकडा दाव्यासाठी अधिकृत धरला जात नाही, हे स्पष्ट सांगा आणि शाळेच्या शिक्क्याचा दाखला देऊ नका.

१२. पुस्तकातली उदाहरणं समुद्राची, बर्फाची असतात. इथले विषय कोणते घ्यावेत?

इथे विषयांची वाण नाही. तापी पश्चिमेला का वाहते, चांगदेवला तिला पूर्णा कशी मिळते. पांझरेवरचा सुमारे तीनशे वर्षांचा फड, जिथे एका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाण्याची पाळी सगळ्यांनी पाळायची. अंजनाची जंगलं. हतनूर जलाशयावरचे हिवाळी पाहुणे. आणि रानपिंगळा हे छोटं घुबड. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं नोंद नसलेला हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. तो दिवसाही हिंडतो, म्हणून मुलांना फार आवडतो. पण त्याचं घरटं किंवा नेमकी जागा ग्रुपवर टाकायची नाही आणि मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या काळात त्याने घरटं सोडण्याचा धोका असतो.

केळी आणि कापूस हे विषय घ्याच, पण जपून. रावेर-यावलच्या वर्गात केळी किती पाणी पितात, ठिबकच्या जुन्या नळ्यांचं आणि घडावरच्या पिशव्यांचं काय होतं, हे मोजता येतं. कापसाच्या वर्गात कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचायला शिकवता येतो, त्याच्या चित्रावरून. रिकामा डबा वर्गात आणू नका. आणि तासाचा सूर ‘तुझे वडील चुकतात’ असा झाला की मूल गप्प बसतं आणि पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात. त्यापेक्षा ‘तुमच्या घरी फवारणीच्या दिवशी काय काय करतात’ ही यादी मुलांकडून काढून घ्या. चर्चा तिथून आपोआप सुरू होते.

१३. मुलं घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात. तास कोणत्या भाषेत घ्यावा?

नावं आणि निरीक्षणं मुलांच्या भाषेत, नोंदवही प्रमाण मराठीत. झाड, पक्षी, किडा दिसला की आधी ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ हे विचारा आणि नोंदवहीत दोन रकाने ठेवा. यावल-रावेरकडे लेवा गणबोली आणि तडवी, धुळे-अमळनेरकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, अशी दर थोड्या अंतरावर भाषा बदलते. धडगावला जाणाऱ्या सभासदाने सोबत तिथलं माणूस घ्यावंच, अगदी दहावीतला मुलगा चालेल. वर्षभर भरलेला तो दुसरा रकाना हीच गटाची सगळ्यात मोलाची कमाई ठरते. तशी छापील यादी बाजारात मिळत नाही.

१४. मुलांना जंगलात किंवा धरणावर न्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?

दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि रांगेच्या सुरुवातीला एक व शेवटी एक. मुलींच्या गटासोबत महिला शिक्षिका. पालकांची लेखी संमती. वाहनाने किंवा मुक्कामी जायचं असेल तर शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना निदान पंधरा दिवस आधी पत्र द्या. जागा मोठ्यांनी आदल्या आठवड्यात स्वतः पाहून यावी, कारण पाण्याची पातळी, नवं कुंपण आणि आग्या मोहोळ परवानगीच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

पाटणादेवीसारख्या कड्याकपारींच्या जागी मोहोळाचा धोका खरा आहे. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर पाण्यात उडी न मारता तोंड झाकून गाडीत किंवा बंद खोलीत जायचं. पाण्याच्या कडेला मुलांनी गुडघ्याच्या वर उतरायचं नाही. कठडा नसलेल्या विहिरीची खोली मोठ्यांनी मोजायची, मुलांनी दहा फुटांवर बसून आकडे लिहायचे.

मार्च ते जून बाहेरचा तास सकाळी नऊच्या आत संपवा. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. माणशी निदान एक लिटर पाणी आणि टोपी हवीच. रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६.

१५. सर्पमित्र जिवंत साप आणून दाखवायला तयार आहेत. मुलांना फार आवडतं. बोलवायचं का?

सर्पमित्राला बोलवा, साप आणू देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय साप पकडून बाळगणं किंवा त्याचं प्रदर्शन करणं गुन्हा आहे. तास शाळेत झाला तर मुख्याध्यापकही अडचणीत येतात. शिवाय हातातला साप पाहून मुलं शिकतात ते एवढंच, की साप हातात धरता येतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे मोठे रंगीत फोटो आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप शेजारी लावून ओळखीचा खेळ घ्या. चावल्यावर काय करायचं नाही (कापणं, चोखणं, आवळून बांधणं) आणि काय करायचं (हालचाल थांबवून थेट दवाखाना) याचा सराव करून घ्या. रात्री खाली झोपणाऱ्या मुलांना मण्यारीबद्दल नक्की सांगा. तिचा दंश दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं.

१६. जून आला की सगळे वृक्षारोपणाला बोलावतात. जावं का?

एकाच अटीवर: पुढच्या मे महिन्यापर्यंत पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरलं पाहिजे. खान्देशात रोप पावसाळ्यात मरत नाही, मार्च-एप्रिलमध्ये मरतं. शाळेने दहाच रोपं लावावीत. खड्डा मे महिन्यातच ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खणून तापू द्यावा. उन्हाळ्यात दर आठवड्याला रोपामागे पंधरा ते वीस लिटर पाणी, किंवा शेजारी पुरलेलं मडकं. कडुनिंब, हिवर, बोर, पळस, मोह ही इथली झाडं घ्या. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लवकर वाढतात म्हणून वाटली जातात, त्यांना नम्रपणे नको म्हणा. अंजनाचं सोटमूळ फार लवकर खोल जातं आणि मोठं रोप हलवलं की जगत नाही. त्याचं बी जागेवरच टोकणं बरं.

१७. दिवाळीनंतर निम्मी मुलं पालकांसोबत ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात. उपक्रम अर्धवट राहतो.

वर्षभराचा प्रकल्प आखूच नका. जून ते ऑक्टोबर एक पूर्ण उपक्रम, दिवाळीनंतर दुसरा. पहिल्यात पाऊस, गवत, किडे, रानभाज्या घ्या, कारण त्या वेळी वर्ग भरलेला असतो. जाणाऱ्या मुलाला छोटी वही द्या: तिकडे कोणते पक्षी दिसले, पाणी कुठून भरलं. परतल्यावर त्या वहीचा एक स्वतंत्र तास घ्या. वही आली नाही म्हणून रागवायचं नाही.

१८. संस्था नोंदवावी का? मानधनाचं काय?

पहिली दोन वर्षं नोंदवू नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली निदान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू होतो. त्यानंतर दरवर्षी हिशोब तपासणी आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हे कोणी केलं नाही तर संस्था कागदावर अडकून पडते आणि ज्यांनी प्रेमाने सह्या दिल्या त्यांना नोटिसा येतात. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर करसवलतीसाठी आयकर कायद्याखालची नोंदणी (जी १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाते) आणि कंपनी निधीसाठीची सीएसआर-१ नोंदणीही लागते. तोवर एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या आधाराने काम करता येतं.

बाहेरच्या माणसाला येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजाएवढी रक्कम जरूर द्या. पाटकरी किंवा रानभाज्यांच्या आजीबाई फुकट येतात, म्हणून त्यांना फुकट बोलावणं बरोबर नाही. नोकरदार सभासदांनी मानधन घेण्याआधी आपले सेवा नियम पाहावेत.

१९. नदीत वाळू उपसा चालू आहे. मुलांना दाखवायचं? गटाने तक्रार करायची?

उपसा चालू असलेल्या जागी मुलांना नेऊ नका. कारण साधं आहे, तिथे ट्रॅक्टर आणि डंपर असतात आणि वाद होतात. उपसा थांबलेल्या जागी, दिवसा, नदीचं पात्र आणि काठच्या विहिरींची पातळी मोजता येते. तक्रार हा नागरिकाचा हक्क आहे, पण सभासद शिक्षकांना वर्तणुकीचे नियम लागू असतात: जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे, खासगी शाळांना १९८१ ची नियमावली. म्हणून तक्रारीवर गटाचं किंवा शाळेचं नाव टाकू नका. ज्याला करायची त्याने व्यक्ती म्हणून तहसीलदारांकडे करावी. हे भित्रेपणाचं वाटेल. पण एका अर्जामुळे तालुक्यातल्या साऱ्या शाळांची दारं बंद झाली, तर पुढचं कामच उरत नाही.

२०. मुलांचे फोटो टाकावेत का?

मागून काढलेले, हातांचे, नोंदवहीचे टाका. चेहरा दिसणार असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलाचं नाव, गाव आणि शाळा एकत्र देऊ नका. आश्रमशाळेतल्या मुलींचे फोटो टाकूच नका. मुलांसोबत एकट्याने काम करण्याची वेळ कोणत्याही सभासदावर येऊ नये. दोन मोठी माणसं हा नियम सर्वांना सारखा.

२१. आमच्या मुख्य शिक्षकाची बदली झाली आणि गट थंडावला. आता?

बदली होणारच, म्हणून प्रत्येक काम दोघांकडे असावं: पेटी, नोंदवही, शाळांशी संपर्क. दोघंही एकाच शाळेतले नसावेत. बदली झालेल्या शिक्षकाकडून प्रश्न ४ मधल्या कागदांची फाईल आणि नोंदवह्या महिन्याच्या आत मागून घ्या. ते नव्या तालुक्यात गट काढणार असतील तर फाईलची प्रत त्यांना द्या, मूळ इथेच ठेवा.

२२. गट वाढला, आता दोन तालुक्यांत वाटायचा आहे. पेटी कोणाकडे जाणार?

जुन्या तालुक्याकडे. नव्या गटासाठी वाटणीच्या आधी सहा महिने वर्गणीतून वेगळी रक्कम बाजूला काढा आणि त्यातून भिंगं, ट्रे, टेप आणि तापमापक घ्या. दुर्बीण आणि टीडीएस मीटर एक वर्ष सामाईक ठेवता येतात: पहिला पंधरवडा एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. पाऊस नोंदींच्या मूळ वह्या ज्या शाळेच्या, त्या शाळेतच राहतील. दोन्ही गटांनी फक्त महिन्याचे एकूण आकडे एकमेकांना द्यावेत. ही वाटणी एका कागदावर लिहा आणि दोन्हीकडच्या दोन-दोन जणांच्या सह्या घ्या.